स्वच्छ मस्टर पाहून लगेच सही करू नका

वाचकाचं पत्र (थोडक्यात): मी इंदूरच्या एका निर्यात कंपनीत क्वालिटी पाहते. आम्ही एप्रन, टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे जर्मनीला पाठवतो. तिकडच्या ग्राहकाने तीन महिन्यांत सगळ्या पुरवठादारांची सामाजिक तपासणी (कामगारांचे तास, पगार, सुरक्षितता कशी आहे ते पाहणं) करून अहवाल मागितला आहे. सांवेर रोड, पालदा आणि पीथमपूर मिळून आमचे अकरा पुरवठादार आहेत. मालक म्हणतात, तू तशीही क्वालिटीला जातेसच, हेही उरकून टाक. पहिलाच कारखाना माझ्या सासऱ्यांच्या जुन्या स्नेह्यांचा, म्हणजे घरी आम्ही ज्यांना काका म्हणतो त्यांचा. साठ मशीन, अठ्ठ्याहत्तर माणसं. त्यांचं मस्टर (हजेरीपट) इतकं नीट आहे की वर्षभरात एका माणसाचाही एक तास ओव्हरटाइम नाही. चेकलिस्टमध्ये सगळीकडे ‘होय’ येतंय, आणि मला मात्र ते पटत नाही. कुठून सुरुवात करू? – एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर:

न पटण्याचं कारण तुमच्याच कपाटात आहे. तुम्ही क्वालिटी पाहता, म्हणजे त्या कारखान्याच्या लाइनवरचे रोजचे तपासणी अहवाल तुमच्याकडे असणार. ते काढा आणि हा हिशेब मांडा.

समजा एका एप्रनला शिलाईची 12 प्रमाण मिनिटं (पूर्ण कार्यक्षमतेने लागणारा वेळ) लागतात. एका लाइनवर 30 कारागीर आहेत. आठ तासांची 480 मिनिटं धरली तर लाइनकडे दिवसाला 14,400 मिनिटं असतात. अशा लहान युनिटची कार्यक्षमता 50 टक्के धरली तर त्यांतली 7,200 मिनिटं कामी येतात, म्हणजे दिवसाला 600 नग. आता तुमच्या अहवालात त्या लाइनवर रोज 850 नग दिसत असतील, तर त्यासाठी प्रत्येक कारागिराला 680 मिनिटं, म्हणजे अकरा तासांहून जास्त बसावं लागलं. सहा दिवसांचे 68 तास झाले. मस्टर म्हणतं 48. कार्यक्षमता 50 ऐवजी 70 टक्के असेल तर आठ तासांतही 840 नग निघतात, पण मग ती 70 टक्के तुमच्या समोर, भर दुपारी, घड्याळ लावून दिसली पाहिजे. तासाभराचं उत्पादन मोजा, आठने गुणा. कुणावर आरोप करावा लागत नाही, आकडाच विचारतो.

हा हिशेब आधी सांगितला, कारण सामाजिक तपासणीत सगळ्यांत जास्त फसवतं ते नीटनेटकं मस्टर. ‘ओव्हरटाइम आहे, दुप्पट देतो, कधी कधी 60 तासांच्या वर जातं’ असं सांगणारा पुरवठादार चेकलिस्टवर नापास होतो आणि दोन वह्या ठेवणारा पास होतो. असे दोन-तीन अहवाल गेले की बाजाराला कळतं, इथे खरं बोलणाऱ्याचं काम जातं. त्यामुळे तुमच्या कंपनीने पहिल्या पत्रातच लिहून द्यायला हवं: जास्त तास सापडले तर सुधारायला मुदत देऊ, खोटी नोंद सापडली तर मात्र प्रश्न गंभीर होईल. हे पत्र मालकांच्या सहीने जावं, तुमच्या नव्हे.

आता काकांबद्दल. हा कारखाना तुम्ही तपासू नका. तिथे तुम्ही सूनबाई आहात. कामगारही ते ओळखतील, आणि मालकाच्या घरच्या माणसासमोर कोण बोलणार? मालकांना लेखी कळवा की या ठिकाणी नातेसंबंध आहे, दुसऱ्या सहकाऱ्याला किंवा बाहेरच्या तपासनिसाला पाठवा. घरी काकांना आधी सांगितलंत तर त्यांना राग येईल, नंतर कळलं तर जास्त येईल. आधीच सांगा. उरलेल्या दहा ठिकाणी तुम्ही जा, पण एकट्या नको. दोघं हवीत, त्यांत एक बाई असावीच, आणि दोघांपैकी एकाला तरी निमाडी किंवा भिली समजत असेल तर उत्तम. पीथमपूरच्या हेल्परांमध्ये झाबुआ, अलीराजपूर, धारकडची माणसं भरपूर असतात. त्यांच्याशी शहरी हिंदीत बोललं की ‘हाँ मैडम’च्या पुढे गाडी जात नाही.

ग्राहक हे का मागतोय तेही समजून घ्या. जर्मनीचा पुरवठा साखळीचा कायदा 1 जानेवारी 2023 पासून तीन हजारांवर आणि 2024 पासून एक हजारावर कर्मचारी असलेल्या कंपन्यांना लागू झाला. आपल्या पुरवठादारांकडे काय जोखीम आहे हे त्यांना शोधावं आणि नोंदवावं लागतं. तुमचा अहवाल म्हणजे प्रमाणपत्र नाही. एसए 8000, स्मेटा, बीएससीआय या सामाजिक तपासणीच्या आंतरराष्ट्रीय पद्धती, आणि ती बाहेरच्या मान्यताप्राप्त तपासनिसांची कामं आहेत. तुम्ही करताय ती ग्राहकाच्या बाजूची पहिली पाहणी, आणि अहवालाच्या पहिल्याच ओळीत तसं लिहा. कारखान्याकडे आधीचा स्मेटा अहवाल असेल तर मागून घ्या, पण पत्ता आणि तारीख नीट वाचा. अहवाल सांवेर रोडच्या शेडचा आणि तुमचा माल शिवला जातो पालद्याच्या शेडमध्ये, हे वरचेवर सापडतं.

जाण्याआधी दोन आठवड्यांची मुदत द्या, एक ठरलेला दिवस देऊ नका. ‘या पंधरवड्यात कधीही येऊ’ एवढं पुरतं. अठ्ठ्याहत्तर माणसांच्या कारखान्याला दोघांचा एक पूर्ण दिवस लागतो. स्मेटाच्या कोष्टकात शंभरपर्यंत कामगार असतील तर 10 मुलाखती (सहा एकेकट्या आणि चौघांचा एक गट) आणि 10 जणांच्या नोंदी, 101 ते 500 असतील तर 26, त्यापुढे हजारापर्यंत 42 असं प्रमाण असतं. ते वापरायला हरकत नाही. नोंदी तीन महिन्यांच्या काढा: एक ऐन गर्दीचा महिना, एक मंदीचा, आणि एक नुकताच संपलेला. कोणता महिना गर्दीचा होता हे कारखान्याला विचारू नका. तुमच्या डिस्पॅचच्या तारखा ते सांगतात.

सकाळी पोचल्यावर चहा, ओळख, पंधरा-वीस मिनिटं. मग थेट फ्लोअर. कागद आधी मागितले की दुपारपर्यंत केबिनमध्येच बसवून ठेवतात, आणि तोवर मागच्या बाजूचे बंद दरवाजे उघडले जातात, पॅसेजमधले कार्टन हलतात, लहान दिसणारी मुलं घरी जातात.

फ्लोअरवर सगळ्यांत आधी बाहेर पडण्याच्या वाटा. प्रत्येक मजल्यावर निदान दोन, एकमेकींपासून लांब. दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे आणि काम चालू असताना त्याला कुलूप नको. ‘किल्ली सुपरवायझरकडे असते’ हे उत्तर म्हणजे दार बंद आहे असंच लिहा. 11 सप्टेंबर 2012 रोजी कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्यात अडीचशेहून जास्त माणसं गेली. आग कुणी लावली यावर पुढे वेगळा खटला चालला. माणसं बाहेर पडू शकली नाहीत ती बंद दारं आणि गजांच्या खिडक्या यांमुळे. त्याच कारखान्याला काही आठवडे आधी एसए 8000 प्रमाणपत्र मिळालं होतं. ‘सर्टिफिकेट आहे ना’ असं मालक म्हणाले की एवढी एक तारीख त्यांना सांगा.

मग बाकीचं. अग्निशामक सिलिंडर कुठूनही 15 मीटरच्या आत हवा, काटा हिरव्या पट्ट्यात हवा, समोर कपड्याचे गठ्ठे नकोत. जवळच्या एखाद्या कारागिराला विचारा, पिन कशी काढतात. ‘फायर ड्रिल’चा फोटो दाखवला तर तारीख आणि किती मिनिटांत इमारत रिकामी झाली ती नोंद मागा. आपत्कालीन दिवे आहेत म्हणतात, तर मेन स्विच बंद करायला सांगा. इलेक्ट्रिक पॅनेलखाली रबरी मॅट आहे का, वर पुठ्ठे रचलेत का. ओव्हरलॉक मशीनला डोळ्यांचा गार्ड, शिलाई मशीनच्या पट्ट्याला कव्हर, सुईला बोटरक्षक, कटिंग मास्टरच्या हातात स्टीलच्या जाळीचा हातमोजा. हातमोजा कोरा करकरीत असेल तर तो सकाळीच कपाटातून निघालाय. रोजच्या वापराच्या मोज्यात धाग्यांचा कचरा अडकलेला असतो. डाग काढायच्या खोलीत पंखा बाहेर हवा फेकतो की नुसता फिरतो, आणि रसायनाच्या डब्यावर हिंदीत काय लिहिलंय ते पाहा. प्रेसिंगच्या वाफेचा बॉयलर 25 लिटर किंवा त्यावर असेल तर त्याचं चालू प्रमाणपत्र हवं.

स्वच्छतागृहात स्वतः जा. बायकांसाठी 25 जणींमागे एक हा जुना हिशेब अजून उपयोगी पडतो. नळाला पाणी, आतून कडी, साबण. दाराशी टोकन किंवा वही टांगलेली दिसली तर तिचा फोटो घ्या. मिनिटं मोजली जात असतील तर ती वही सांगते.

एक गोष्ट फ्लोअरवरच पाहून घ्या: तुमचा माल खरंच इथे आहे का. चालू ऑर्डर 20,000 नगांची आणि फ्लोअरवर तुमच्या मालाचा कापलेला एकही तुकडा दिसत नाही, याचा अर्थ माल दुसरीकडे शिवला जातोय. गेटवरच्या बाहेर जाणाऱ्या मालाच्या चलनांत कापलेल्या कपड्याचे गठ्ठे कुठे गेले ते सापडतं. धागे कापणं, टिकल्या लावणं हे घराघरांत जात असेल तर ते लगेच गुन्हा म्हणून नोंदवू नका. घरकाम बंद पाडलं की पहिला फटका त्या बायकांना बसतो. कुणाकडे, किती नग, काय दराने, एवढी वही ठेवायला लावा.

आता कागद. एका कागदाला दुसऱ्या कागदाने तपासायचं, आणि दुसरा कागद असा निवडायचा की तो तपासणीसाठी बनवलेला नसतो. मस्टर तपासणीसाठी बनवता येतं. तुटलेल्या सुईचं रजिस्टर कुणी बनवत बसत नाही. सुई तुटली की तुकडे चिकटवून तारीख-वेळ लिहायची पद्धत असते, कारण तो क्वालिटीचा नियम आहे. त्यात रात्री 9:40 ची नोंद आणि मस्टरवर 5:30 ला सुट्टी, एवढ्याने प्रश्न उभा राहतो. तसंच गेटचं रजिस्टर, जनरेटरच्या डिझेलची वही, मेकॅनिकची वही, रात्रीच्या चहा-नाश्त्याचं बिल, माणसं सोडणाऱ्या गाडीचं भाडं. ज्या जोडणीला वेळेनुसार वीजदर लागतो, तिच्या बिलात रात्रीचे युनिट वेगळे दिसतात. सीसीटीव्हीचं चित्रण ठरावीक दिवसच राहतं, त्यामुळे ते मागायचं तर त्याच दिवशी.

आपल्या भागातल्या दोन तारखा विसरू नका. होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरियाचे हाट, म्हणजे आदिवासी भागातले सणाचे बाजार, भरतात. झाबुआ-अलीराजपूरची तीस माणसं पटावर आहेत आणि त्या आठवड्यात एकाचाही खाडा नाही, असं मस्टर एका बैठकीत लिहिलेलं असतं. दुसरी रंगपंचमी. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघालेली असताना इंदुरातल्या शेडमध्ये शंभर टक्के हजेरी लागली असेल, तर एक तर मस्टर खोटं आहे किंवा त्या दिवशी जबरदस्तीने काम झालंय. दोन्ही विचारण्यासारखं आहे. सह्या पाहा: महिनाभर एकाच पेनाची एकाच दाबाची सही, किंवा अंगठ्याच्या मशीनच्या नोंदीत रोज 9:00, 9:00, 9:01. माणसं अशी येत नाहीत.

पटावरची संख्या भविष्य निर्वाह निधीच्या मासिक चलनाशी, म्हणजे ईसीआरशी ताडून पाहा. ते पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचं असतं आणि त्यात नावं असतात. फ्लोअरवर 78 आणि ईसीआरमध्ये 19, हे दिसलं की 19 या आकड्याचं आश्चर्य वाटू देऊ नका. पीएफ 20 माणसांपासून लागतो, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) 10 पासून. एकाच छपराखाली बायकोच्या, भावाच्या, मुलाच्या नावाने तीन फर्म दाखवून प्रत्येकात अठरा-अठरा माणसं ठेवण्याची युक्ती जुनी आहे. पीएफ कायद्यात शाखा आणि विभाग मिळून एकच आस्थापना धरतात. गेटवर जीएसटीच्या किती पाट्या आहेत ते मोजून घ्या. ठेकेदाराची माणसं असतील तर त्याचं चलन वेगळं मागा. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कारखान्यावर येते, हे बऱ्याच मालकांना खरंच ठाऊक नसतं.

पगाराच्या बाबतीत आधी हे ठरवा की त्या महिन्याला कोणता किमान दर लागू होता. मध्य प्रदेशात महागाई भत्ता 1 एप्रिल आणि 1 ऑक्टोबरला बदलतो. शिवाय 1 एप्रिल 2024 पासूनच्या नव्या दरांवर उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात स्थगिती आली आणि पुढे ती उठली. म्हणून त्या काळातला फरक दिला गेला का हा प्रश्न वेगळा विचारा. कपडा उद्योगाचा दर कोणता हे श्रमायुक्तांच्या अधिसूचनेतून काढा. त्यांचं कार्यालय इंदुरातच आहे, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तक्त्यावर विसंबू नका. अकुशल, अर्धकुशल, कुशल या वर्गवारीतही चोरी होते: दहा वर्षं ओव्हरलॉक चालवणारी बाई कागदावर ‘हेल्पर’.

ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा असतो. हिशेबाला सोपा म्हणून रोज 480 रुपये धरा. तासाला 60, ओव्हरटाइमचा तास 120. महिन्याला 40 तास झाले तर 4,800 यायला हवेत. पगारपत्रकात ‘उत्पादन प्रोत्साहन’ म्हणून 2,400 च्या आसपास रक्कम दिसली, तर तो एकपट ओव्हरटाइम नाव बदलून बसलाय. नगावर काम करणाऱ्यांनाही किमान वेतन लागू असतं. कपातीचे रकाने सावकाश वाचा. खोलीचं भाडं, ‘उशीर’, ‘सुई’, आणि सगळ्यांत गंभीर म्हणजे उचल. ठेकेदाराने गावी जाऊन वीस-तीस हजार उचल दिली आणि ती फिटेपर्यंत माणूस सोडून जाऊ शकत नाही, किंवा मूळ मार्कशीट-आधार ठेवून घेतलंय, तर हा प्रश्न पगाराचा राहत नाही, तो 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याचा होतो.

कायद्यांबद्दल एक सूचना. चार नव्या श्रम संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आल्या आहेत, आणि संक्रमणकाळात जुन्या कायद्यांखालचे नियम चालू राहतील असं केंद्राने सांगितलंय. त्यामुळे तुमच्या जुन्या चेकलिस्टमधली कलमं बदलतात: प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र, भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर वरची रक्कम वेतनात धरणं, पाळणाघराची अट (कारखाना कायद्यात तीसवर महिला, आता 50 कामगार). ओव्हरटाइमची तिमाही मर्यादा राज्याप्रमाणे वेगळी असते. अहवालात प्रत्येक मुद्द्यासमोर कोणता कायदा धरला ते लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी तपासणाऱ्याला कोडं पडणार नाही. ग्राहकाच्या स्वतःच्या आचारसंहितेत बहुधा आठवड्याला 48 अधिक ओव्हरटाइम मिळून 60 तासांची कमाल आणि सात दिवसांत एक सुट्टी असते. कायदा आणि ग्राहकाची आचारसंहिता यांत जे कामगाराच्या बाजूचं, ते लागू.

मुलाखतींची नावं तुम्ही निवडा: थोडी मस्टरवरून, थोडी फ्लोअरवर बोट दाखवून. एचआरने दिलेली यादी नम्रपणे परत द्या. त्यात एखादा नवा, एखादी गरोदर किंवा नुकती बाळंत झालेली, एखादा ठेकेदाराचा, एखादा सफाईवाला असावा. जागा एचआरच्या केबिनबाहेरची, कॅमेऱ्याखाली नको. सुरुवात पगाराने करू नका. ‘काल घरी किती वाजता पोचलात?’, ‘रविवारी काय केलंत?’, ‘मुलगा आजारी पडला तर सुट्टी कुणाला मागता?’, ‘पगाराची चिठ्ठी घरी नेता की सही करून परत देता?’ यातून तास, सुट्टी, वागणूक सगळं येतं. पाचही जण ‘नौ से साढ़े पाँच, ओवरटाइम नहीं, सर बहुत अच्छे हैं’ हे त्याच क्रमाने म्हणाले की पढवलंय. तिथे जोर लावू नका. विषय बदला, गावाबद्दल, गाडीबद्दल बोला. नऊ ते साडेपाच काम करणारी बाई रात्री दहाच्या गाडीचं भाडं का देते, हे तिच्याच तोंडून निघतं.

लैंगिक छळ प्रतिबंधक समिती 10 किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथे लागते: अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या सदस्य महिला, एक बाहेरची सदस्य. भिंतीवरची पाटी सगळीकडे असते. लाइनवरच्या बायकांना त्या अध्यक्षबाईंचं नाव माहीत आहे का, एवढंच विचारा.

वहीत कामगाराचं नाव लिहू नका. अहवालात ‘मुलाखतींतून कळलं’ एवढ्यावर कोणताही मुद्दा उभा करू नका. जे ऐकलं ते कागदाने सिद्ध होईपर्यंत शोधा, आणि अहवालात कागद दाखवा. दोघींनीच सांगितलेली गोष्ट अहवालात आली तर त्या दोघी कोण हे सुपरवायझरला पाच मिनिटांत कळतं. निघताना सगळ्यांना, फक्त मुलाखत दिलेल्यांना नव्हे, कंपनीचा एक फोन नंबर द्या आणि पंधरा दिवसांनी कुणाला काढलं तर नाही ना ते पाहा.

लहान मूल दिसलं तर तिथल्या तिथे आरडाओरडा करू नका. तसं केलंत तर मूल तासाभरात गेटबाहेर असतं आणि पुढच्या आठवड्यात याहून वाईट जागी. वयाचा पुरावा मागा, पण आधारवर 1 जानेवारी जन्मतारीख दिसली तर ती अंदाजाने टाकलेली असू शकते. पीएफ कार्यालयानेही जानेवारी 2024 पासून आधार हा जन्मतारखेचा पुरावा म्हणून धरणं थांबवलं आहे. शाळेचा दाखला किंवा जन्मदाखला चालेल. 14 च्या आतलं मूल असेल तर कायदा सरळ आहे, 1098 या बालकांच्या हेल्पलाइनवर कळवावं लागेल. मूल आधी सुरक्षित, पालकांशी संपर्क, राहिलेला पगार पूर्ण, शाळेचा खर्च कारखान्याने उचलायचा आणि शक्य असेल तर घरातल्या मोठ्या माणसाला काम द्यायचं, हे लेखी ठरवून मगच निघा. 14 ते 18 च्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही.

सुधारणेची मुदत मुद्द्याप्रमाणे द्या. कुलूपबंद दार: तुम्ही तिथे असतानाच. कमी दिलेलं वेतन: फरकासह एक-दोन पगारांत, बँक नोंदीच्या पुराव्याने. जास्त तास: 68 वरून 60 वर एका महिन्यात येत नाहीत. दर महिन्याला दोन-तीन तास कमी करत तीन-चार महिन्यांचा तक्ता मागा. ‘ट्रेनिंग दिलं’ आणि सोबत टाळ्या वाजवणाऱ्यांचा फोटो हा पुरावा नव्हे.

आणि तो तक्ता तुमच्या मालकांच्या टेबलावरही जायला हवा. गेल्या सहा ऑर्डरींच्या चार तारखा एका कागदावर लिहा: ऑर्डर दिली, कापड पोचवलं, नमुना मंजूर केला, माल मागितला. कापड नऊ दिवस उशिरा गेलं आणि डिस्पॅचची तारीख तीच राहिली, तर ते नऊ दिवस कारागिरांच्या रात्रींतून काढले गेलेत, आणि ते काढायला तुमच्याच कंपनीने लावलंय. दराचंही तसंच. 12 मिनिटांचा एप्रन 50 टक्के कार्यक्षमतेवर प्रत्यक्षात 24 मिनिटं खातो. तासाला 60 रुपयांच्या हिशेबाने नुसती मजुरी 24 रुपये. त्यावर मालकाचा पीएफ 13 टक्के, ईएसआय 3.25 टक्के, बोनस 8.33 टक्के. हे झाले जवळपास 30 रुपये. यात हेल्पर, दोरा, वीज, भाडं, मालकाचा नफा काहीच नाही. तुम्ही शिलाईला 32 देत असाल, तर काका किंवा इतर कुणीही तुम्हाला खरं मस्टर दाखवू शकणार नाही. हा कागद मालकांना दाखवायला अवघड आहे हे मान्य. पण ज्या इंदुरात हुकुमचंद मिलच्या कामगारांना 1991 मध्ये गिरणी बंद झाल्यावर थकबाकीसाठी 2023 च्या डिसेंबरपर्यंत थांबावं लागलं, तिथे ‘नंतर बघू’ याचा अर्थ कामगारांना समजावून सांगावा लागत नाही.

ग्राहकाला अहवाल पाठवताना अकराच्या अकरा ठिकाणी सगळं ठीक असा पाठवू नका, तो त्यांनाही खरा वाटणार नाही. जिथे जे सापडलं ते, मुदत, आणि सोबत तुमच्या कंपनीने ऑर्डरीच्या तारखांत व शिलाईच्या दरात काय बदल करायचं ठरवलं ते एका पानावर. काकांच्या कारखान्याचा अहवाल दुसऱ्याच्या सहीने जाऊ द्या, आणि त्यात ‘नातेसंबंधामुळे तपासनीस बदलला’ ही ओळ राहू द्या.